दिसलं त्यालाच शिट्टी

रवि. १ सप्टें.
जेवताना पुन्हा तोच वाद. मितूचं म्हणणं, तिच्या युनिव्हर्सिटीची हॉकीची फर्स्ट टीम आमच्या क्लबच्या फर्स्ट टीमच्या तोडीची आहे. माझं म्हणणं, फार तर सेकंड टीमच्या. संध्याचं म्हणणं, आमटी गार होतेय.

मी उठून लॅपटॉप आणला. दोन वर्षांचे निकाल एक्सेलमध्ये भरून ठेवलेत, दोघांच्या वाटेला आलेल्या टीम वेगळ्या काढून. ज्यांच्याकडून युनि. मार्चमध्ये चार गोल खाऊन आली, त्यांनाच आमच्या सेकंड्सनी बरोबरीत रोखलं होतं. मितू म्हणाली, "बाबा, ते सेम टीम नसते. बुधवारी वेगळ्या मुली, शनिवारी वेगळ्या. यू कान्ट कम्पेअर." मी म्हटलं, करता येतं, नीट केलं तर. मग ती म्हणाली, "ह्या वर्षी मला फर्स्ट टीमचा कीपर करतील बहुतेक. आणि तुम्ही सांगताय की ती सेकंड टीम आहे."

मी म्हटलं, आहे ते आहे.

संध्याने टेबलाखालून पाय मारला. उशीर झाला होता. मितूने ताट उचललं आणि आमटी तशीच राहिली.

मंगळ. ३ सप्टें.
ऑफिसात लंचला लिहितोय. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा माणूस, दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या. घरीही तेच करतो असं सं. म्हणते.

खरं कारण एक्सेल नाही. महिनाअखेरपर्यंत मितूला ठरवायचंय की शनिवारी कुठे खेळायचं. बुधवार युनि.चा, त्यात काही प्रश्न नाही. शनिवारी पहिल्या वर्षी ती आमच्याकडेच खेळली. सकाळच्या ट्रेनने यायची, पाऊण तास. मी स्टेशनवर गाडी घेऊन. तिची किटबॅग तिच्याएवढीच मोठी, मागची सीट पाडावी लागते. मॅच, मग घरी, रविवारी दुपारी परत. आता युनि.नेही शनिवारच्या लीगमध्ये टीम उतरवलीय आणि मैत्रिणी तिला तिकडेच ओढतायत.

म्हणून मी लेव्हल काढतोय. क्लबचं हॉकी वरचं आहे, इथे शिकशील, तिथे नुसती पळापळ. ह्यात खोटं काही नाही. आमच्या सेकंड्सची सेंटर हाफ चाळिशीला आली, दोन मुलांची आई, पंधरा पावलं पळते आणि बॉल तिच्याकडे चालत येतो. युनि.च्या मुली हरणासारख्या पळतात, पण दर वर्षी एक तृतीयांश टीम पदवी घेऊन निघून जाते, मग परत पहिल्यापासून. सगळं खरं आहे. पण "शनिवारी घरी येत जा गं" एवढंच म्हणायचं असताना माणूस इतकं सगळं बोलतो, म्हणजे मी बोलतो.

गुरु. ५ सप्टें.
मितूने काढला तोडगा. तिच्या कॅप्टनने आमच्या क्लबला ईमेल केली: सीझनच्या आधी एक फ्रेंडली, युनि. फर्स्ट्स वि. क्लब सेकंड्स, शनि. १४ला, आमच्या ग्राउंडवर. मितूचा मला एका ओळीचा मेसेज: "लेट्स सी, बाबा 😊". पोरगी माझ्यावर गेलीय.

फ्रेंडलीला प्रत्येक टीमने आपला एक अंपायर आणायचा, ही इथली, इंग्लंडमधली पद्धत. आमच्याकडून मी. युनि.ने त्यांचा कोणी मिळत नाही म्हणून आमच्याच कॉलिनला विचारलं. सं. म्हणाली, "तुम्ही कशाला? मुलगी खेळतेय ना." मी म्हटलं, म्हणूनच. मी नाही म्हणालो तर लोकांना वाटेल की मला स्वतःचीच खात्री नाही.

रवि. ८ सप्टें.
कॉलिन आज भेटला सुपरमार्केटात. सत्तरीचा, रिटायर्ड पोस्टमन, अकरा वर्षांपूर्वी ह्यानेच मला शिट्टी धरायला शिकवली. पहिल्या दिवशी म्हणाला होता: दिसलं त्यालाच शिट्टी. वाटलं त्याला नाही, ऐकू आलं त्याला नाही, कोणी ओरडलं म्हणून नाही. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. आज त्याला सांगितलं की मितू समोर असणार. तो म्हणाला, मग अर्धी मॅच ती तुझ्या टोकाला, तुझ्याच डीमध्ये, बरं का. अंपायर जागा बदलत नाहीत, टीम बदलतात.

मला काय माहीत नव्हतं होय?

खडकीची आठवण झाली, उगाच. बिनगवताचं मैदान, कारखान्याच्या क्वार्टर्समागे. मी राइट इन खेळायचो. कॉलेजच्या निवडीला माझे दोन गोल आणि यादीत नाव सरांच्या भाच्याचं. घरी आलो तर वडील म्हणाले, "तुझ्या हातात शिट्टी येईल तेव्हा विसरू नकोस." तेवढंच. ते कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. आमच्या घरात पक्षपात हा शब्द शिवीसारखा वापरायचे.

शनि. १४ सप्टें.
३–२. क्लब.

आज लिहवत नाही.

रवि. १५ सप्टें.
लिहून काढतो, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

पहिल्या हाफला मितू कॉलिनच्या बाजूला. दोन्हीकडे एकेक गोल. युनि. फर्स्ट्स चांगल्या खेळल्या, हे आधी लिहायला हवं. माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ चांगल्या. हाफटाइमनंतर मितू माझ्या डीमध्ये आली, गोलसमोरच्या माझ्या अर्धवर्तुळात. हेल्मेट घालताना माझ्याकडे बघून हसली. पॅडवर स्टिक आपटली दोनदा, लहानपणापासूनची सवय. मी हसलो नाही. अंपायरने हसू नये असं मला वाटलं.

दोन-दोन झाले. शेवटची दोन मिनिटं. आमची सेंटर फॉरवर्ड एकटी डीमध्ये घुसली, मितू पुढे धावली, डावीकडे आडवी झाली. त्याच वेळी त्यांची डिफेंडर माझ्या समोरून पळत आली. ठक्क आवाज झाला. आमची मुलगी मितूवरून पुढे पडली. ओरडली.

मी शिट्टी मारली. एक हात वर, एक हात स्पॉटकडे. पेनल्टी स्ट्रोक: मारणारी एकटी, समोर कीपर एकटी.

मितू उठली, हेल्मेट काढून माझ्याकडे आली. "बाबा, आय गॉट द बॉल! ग्लव्ह लागला होता माझा!" आणि मी म्हटलं, मैदानावर मी तुझा बाबा नाही, अंपायर आहे. हे इंग्रजीत म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिचा चेहरा मी अजून बघतोय.

कॉलिनने लांबून हात अर्धा वर केला होता. मला विचार, अशी खूण. विचारता आलं असतं. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत निर्णय बदलता येतो. मी त्याच्याकडे पाठ केली. स्ट्रोक तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गेला, कोणालाच अडवता आला नसता.

मॅचनंतर क्लबहाउसमध्ये यजमानांनी पाहुण्या टीमला खायला घालायचं असतं. सं.ने मोठ्या पातेल्यात पास्ता आणि वर शिरा केला होता, युनि.च्या मुली शिऱ्याची चौकशी करत होत्या. दोघंतिघं मला येऊन म्हणाले, फेअर प्ले टू यू, ओन डॉटर. मी मान डोलावली. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो, की बरं वाटलं.

मितूने काही खाल्लं नाही. नंतर घरी बॅग घ्यायला आली. तिथे जे झालं ते नाही लिहवत.

बुध. १८ सप्टें.
युनि.च्या टीम जाहीर झाल्या. मितू सेकंड्समध्ये. फर्स्टची कीपर दुसरी मुलगी. कोच म्हणाला म्हणे की डीमध्ये घाई करतेस, दबावाखाली धोका पत्करतेस, शनिवारचा स्ट्रोक बघ.

हे मला सं.ने सांगितलं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. मितूने तिला फोन केला होता. मला नाही.

शनि. २१ सप्टें.
सकाळी सवयीने सव्वानऊला गाडीची किल्ली घेतली. सं.ने विचारलं, "कुठे?" मी किल्ली परत ठेवली.

क्लबच्या सेक्रेटरीची ईमेल आली: संघमित्राने, म्हणजे मितूने, शनिवारचं रजिस्ट्रेशन युनि.च्या टीमकडे वळवलंय, शी'ज बीन अ स्टार, ऑल द बेस्ट टू हर. वयाच्या अकराव्या वर्षापासून खेळत होती इथे. पहिले पॅड तिला मांडीपर्यंत यायचे, चालताना बदकासारखी दिसायची आणि त्यावरून आम्ही चिडवलं की रडायची. एक ईमेल.

दुपारी मी आमच्या थर्ड्सच्या मॅचला अंपायरिंग केलं. तीनदा शिट्टी मारायला उशीर झाला.

मंगळ. १ ऑक्टो.
सं. हॉस्पिटलच्या फार्मसीतून आली की सहा वाजता स्वयंपाकघरात मितूशी बोलते. दार लावत नाही, पण आवाज खाली. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतो. हसतात दोघी. मग सं. म्हणते, "बाबा आहेत इथे, देऊ?" मग, "बरं, राहू दे."

आज सहावी वेळ. मोजायला नको होतं.

शनि. ५ ऑक्टो.
कॉलिनला शेवटी विचारलं. फर्स्ट्सच्या मॅचनंतर, गाड्यांजवळ. तुला काय दिसलं होतं? तो बराच वेळ बुटांचा चिखल झटकत राहिला, अ‍ॅस्ट्रोच्या नकली हिरवळीवर चिखल नसतो तरी. मग म्हणाला, माझ्या बाजूने स्पष्ट दिसलं. ग्लव्ह आधी बॉलला लागला, बॉल बाजूला गेला, मग आपली मुलगी तिच्यावर अडखळली. काहीच नव्हतं. खेळ चालू.

मी म्हटलं, मग तू का नाही बोललास. तो म्हणाला, मी हात वर केला होता, मेट. यू टर्न्ड युअर बॅक.

घरी येऊन आंघोळ केली, बराच वेळ.

शनि. १२ ऑक्टो.
दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. स्टॅनमोरला एका ओळखीच्या घरी वंदना, वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी विचारलं, मितू कुठे? मी म्हटलं, मॅच आहे. ते खोटं नव्हतं. एक आजोबा म्हणाले, "हॉकी म्हणजे तुमच्याकडून आलेलं. अंपायर बापाची पोर, शिस्तीत वाढली असणार." मी पाणी प्यायला आत गेलो.

सं.ला मितूने फोटो पाठवला होता: पांढरा शर्ट, खोलीत टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो, समोर पेटती मेणबत्ती. हॉस्टेलमध्ये मेणबत्ती लावायला बंदी आहे, हे मला पहिलं सुचलं. दुसरं, की फोटो मला आला नाही.

रवि. २७ ऑक्टो.
आज घड्याळं एक तास मागे. सगळे म्हणतात तास मिळाला. मला चौदा सप्टेंबरचे दहा सेकंद हवे होते, तास घेऊन काय करू.

सकाळी सं. कपबशी ठेवून समोर बसली. म्हणाली, "मितूने मला व्हिडिओ दिलाय, मॅचचा. त्यांचा कॅमेरा असतो ना उंच दांड्यावर. महिन्यापूर्वीच दिलाय. तुम्ही आपणहून मागाल म्हणून थांबले होते." आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

अठ्ठेचाळीस सेकंदांची क्लिप. नऊ वेळा बघितली. कॉलिन म्हणाला तसंच. ग्लव्ह, बॉल, बॉल बाहेरच्या बाजूला, मग पडणं. वरून बघितलं तर शेंबडं पोरही सांगेल. आणि मी कुठे दिसतो? डिफेंडरच्या पाठीमागे, पूर्ण झाकलेला. मला तिथून काहीच दिसणं शक्य नव्हतं. मी आवाज ऐकला आणि एक पडलेली मुलगी बघितली.

दिसलं नव्हतं. तरी मारली.

मग क्लिपच्या शेवटी मितू हेल्मेट काढून चालत येते, दोन्ही हात पसरून. लहानपणी शाळेतून यायची तसे. आणि मी स्पॉटकडे बोट दाखवत उभा. आवाज नाही त्यात. बरं आहे, आवाज नाही.

सं.समोर रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, कपबशी बाजूला सारून. ती म्हणाली, "मला नका सांगू. तिला सांगा."

मंगळ. २९ ऑक्टो.
सांगायचं काय पण? चूक झाली एवढंच असतं तर कधीच सांगितलं असतं. अंपायरच्या चुका होतात, दर शनिवारी होतात. का मारली हा प्रश्न आहे.

एक कारण मला सोपं वाटतं, म्हणून तेच आधी पुढे येतं. आपली पोर म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये. खडकी, सरांचा भाचा, वडील, सगळी ओळच उभी राहते मागे आणि मी मोठा न्यायी ठरतो. आम्हाला नेहमी दुप्पट स्वच्छ राहावं लागलं, इथेही. हे खरं आहे, आणि सांगायला बरंही वाटतं.

पण दुसरं आहे. ते सहा आठवडे लिहवलेलं नाही.

गुरु. ७ नोव्हें.
लिहितो.

त्या दिवशी मॅचनंतर घरी आलो तो बूटही न काढता लॅपटॉप उघडला. जेवणाच्या टेबलावरच. नवी ओळ भरली: क्लब सेकंड्स ३, युनि. फर्स्ट्स २. आणि ती ओळ हिरवी केली. माझं म्हणणं सिद्ध करणाऱ्या ओळी मी हिरव्या करतो.

मितू बॅग घ्यायला आली ती कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिचा श्वास ऐकू आला. म्हणाली, "ग्रीन केलंत?"

मी म्हटलं, निकाल तो निकाल.

तिने बॅग उचलली. मागची सीट पाडायला मी गाडीकडे निघालो तर म्हणाली, "नको. मी बसने जाईन." एवढी मोठी बॅग घेऊन बसने. खिडकीतून बघितलं, बसस्टॉपवर बॅगेवर बसली होती, पाठ आमच्या घराकडे.

म्हणजे शिट्टी मारताना माझ्या मनात काय होतं? पोरीशी कठोर न्याय, का दोन-दोनने माझं एक्सेल खोटं पडत होतं ते? मला खरंच माहीत नाही. देवाशपथ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, नाहीतर म्हटलं असतं. दोन्ही एकाच फुंकरीत निघालं असेल. आणि ते एक्सेल तरी कशासाठी होतं? शनिवारी ती घरी यावी म्हणून. घरी यावी म्हणून मी तिला हरवलं, आणि आता ती येत नाही.

आज मेसेज लिहिला. पाच ओळींचा झाला, वाचला, त्यात "तांत्रिकदृष्ट्या" हा शब्द दोनदा होता. पुसला. मग लिहिलं: "मितू, तुझा ग्लव्ह आधी बॉलला लागला होता. मी चुकलो. बाबा." पाठवला. दुपारी तिचं उत्तर आलं: "आय नो."

माफ केलंय का, ह्याचा त्या दोन शब्दांत पत्ता नाही. सं.ला दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. तुम्ही तिला नवीन काय सांगितलंत?"

बुध. २० नोव्हें.
एक्सेल काढून टाकलं. मोठं काही वाटलं नाही. टेस्टिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात, की ज्याला अमुकच निकाल हवाय त्याला तपासायला बसवू नये. पंचवीस वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवतोय.

लेव्हलचं म्हणाल तर मितू पहिल्याच दिवशी बरोबर बोलली होती. बुधवारची टीम आणि शनिवारची टीम एक नसते. बुधवारी त्या मैत्रिणींसाठी खेळतात, आदल्या रात्री जागलेल्या असतात, परीक्षा असतात, कोणी रडून आलेली असते. शनिवारी आमच्याकडे माणसं नोकरीचा आठवडा उतरवायला येतात. त्यात कोण वर कोण खाली काय बघायचं.

पुढच्या महिन्यात सहा तारीख शुक्रवारी येते. दर वर्षीप्रमाणे आम्ही नंतरच्या रविवारी कॅमडेनला जाऊ, बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले त्या घरी. ते घर लोकांसाठी उघडलं तेव्हापासून मितू एकही वर्ष चुकली नाही. पहिल्या वर्षी तिथल्या जिन्यात तिने मोठ्याने विचारलं होतं, "ते इथे खेळायचे कुठे?" नंतर शेजारच्या टेकडीवर डबा खायचा, कितीही थंडी असो. ह्या वर्षी येते का, हे सं.नेही विचारलेलं नाही अजून. विचारलं आणि नाही म्हणाली तर काय, असं दोघांना वाटत असणार.

सोम. २ डिसें.
सं. म्हणाली, "बुधवारी तिची मॅच आहे, अवे, आपल्याकडून तासाभराच्या अंतरावर. मला ड्यूटी आहे. डबा देते, नेऊन द्या."

मी म्हटलं, तिने बोलावलंय?

"नाही. पण तुम्ही जाल असं मी तिला सांगितलंय. तिने नको म्हटलं नाही."

बुध. ४ डिसें.
अर्धा दिवस रजा. बोचरी थंडी, ग्राउंडच्या जाळीबाहेर उभा राहिलो, हातात डबा. शिट्टी खिशात होती. ह्या कोटाच्या खिशात ती कायमच असते, पण आज हाताला लागत राहिली.

मॅच सुरू व्हायला उशीर. यजमानांचा एक अंपायर आलाच नाही. मितूची कॅप्टन जाळीपाशी आली. "मित्रा म्हणते तुम्ही क्वालिफाइड आहात. कराल का?"

मित्रा म्हणते. मितूकडे बघितलं, ती लांब पॅडचे पट्टे बांधत होती, वर बघितलं नाही. मी म्हटलं, नाही करणार, ती माझी मुलगी आहे. कॅप्टन म्हणाली, आमची काही हरकत नाही. मी म्हटलं, माझी आहे.

मग एकाच अंपायरवर खेळले. बिचारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत होता. मितू चांगली खेळली, बाप म्हणून नाही म्हणत. तीन बॉल असे अडवले की त्यांच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक-शून्यने पुढे होत्या. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील, त्यांची फॉरवर्ड एकटी आत आली, मितू पुढे धावली, डावीकडे आडवी. तशीच. डोळ्यांवर हात घ्यावा असं वाटलं, पण बघितलं. ह्या वेळी मधे कोणी नव्हतं. मितूचा पाय आधी तिच्या पायाला लागला. बॉल नंतर. अंपायर अर्ध्या मैदानात, त्याला दिसलं नाही, त्याने शिट्टी मारली नाही. त्या मुली ओरडल्या. खेळ चालू राहिला. मॅच संपली, १–० युनि.

त्यांची बस उभी होती. मितू हेल्मेट हातात घेऊन जाळीपाशी आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. बारीक झालीय. अकरा आठवडे आणि चार दिवसांनी मी तिला जवळून बघत होतो. मला वाटलं डबा मागेल.

ती म्हणाली, "अंपायर. वॉज दॅट अ स्ट्रोक?"

बाबा नाही म्हणाली. मीच शिकवलं होतं.

नाही म्हणावं असं जिभेवर आलं होतं. खोटं बोलायला एक सेकंद लागला असता, आणि कदाचित हसली असती. मी म्हटलं, "हो. होता. तुझा पाय आधी लागला. मला स्पष्ट दिसलं."

तिने मान हलवली. "मलापण वाटला." मग जाळीत बोटं अडकवून विचारलं, "आणि सप्टेंबरचा?"

"नव्हता. मला दिसलंच नव्हतं काही."

"मग तेव्हा तुम्ही का..." एवढंच म्हणाली. मला उत्तर माहीत असतं तर दिलं असतं. मी दुसरंच बोललो. म्हटलं, "शनिवारी घरी ये असं म्हणायचं होतं गं मला. लेव्हल-बिव्हल काही नाही. नुसतं ये म्हणायचं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते का थंडीने ते मला सांगता येणार नाही. म्हणाली, "ते एक्सेलमध्ये नव्हतं."

बसवाल्याने हॉर्न दिला. जाळीवरून डबा वर धरला, तिने हात उंच करून घेतला. "आईला थँक्स सांगा." वळली, दोन पावलं गेली, बॅग ओढत, परत वळली. मला वाटलं आता बाबा म्हणेल. रविवारचं विचारलं तिने. "टेकडीवर ह्या वेळी खूप वारा असेल ना?" मी म्हटलं असेल. "हं," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

घरी येऊन सं.ला सगळं सांगितलं. अंपायर म्हणाली तेही. सं. म्हणाली, "येते म्हणाली की नाही ते सांगा." मी म्हटलं, वाऱ्याचं विचारलं फक्त. ती उठून मितूची जाड लोकरी टोपी शोधायला लागली, वरच्या कपाटात, खुर्चीवर चढून.

रविवारी दार उघडायच्या आधी जाऊन मी त्या घरासमोर फुटपाथवर उभा राहणार आहे. स्टेशनकडून येणारा रस्ता तिथून शेवटपर्यंत दिसतो.